सही सर्वांत शेवटी वाचा: अनोळखी निसर्गचित्राच्या चित्रकाराचा माग

तुम्ही जुन्या वस्तूंमधून चौकटीसकट एक छापील निसर्गचित्र घेतलंत. संथ नदी, काठावर पिवळी पडलेली झाडं, लाकडी पूल आणि मागे बर्फाचे डोंगर. उजव्या कोपऱ्यात सही आहे, पण पहिलं अक्षर एच की के हे ठरत नाही, मधे एक टी असावा, आणि शेवट नुसता ओढून सोडलाय. मागे तपकिरी कागद, त्यावर अर्धं फाटलेलं लेबल. फोटोवरून शोधलंत तर तशाच शंभर नद्या समोर आल्या, तुमची काही आली नाही. आता विचारताय की हा चित्रकार कोण, ते शोधायचं कसं.

छापील चित्रं तपासणं आणि त्यांची नोंद करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नुसत्या वर्णनावरून नाव सांगता येणार नाही, आणि कोणी सांगितलंच तर विश्वास ठेवू नका. वाट मात्र सांगता येते.

सगळ्यात आधी कागदाचा एक तुकडा घ्या आणि सही झाकून टाका. खरंच सांगतोय. सही नजरेला बांधून ठेवते. एकदा मनाने ‘हा के आहे’ असं घेतलं की पुढचे सगळे पुरावे त्या के-भोवती गोळा व्हायला लागतात. त्याआधी हातात नेमकं काय आहे ते ठरवायला हवं. छापील चित्रामागे एकच माणूस असतो असं नाही. एकाने मूळ चित्र रंगवलेलं असतं, दुसऱ्याने ते तांब्यावर, लाकडावर किंवा दगडावर उतरवलेलं असतं, तिसऱ्याने छापलेलं असतं आणि चौथ्याने बाजारात आणलेलं असतं. कागदावर दिसणारं नाव या चौघांपैकी कुणाचंही असू शकतं. आपण कुणाला शोधतोय हे छपाईची पद्धत सांगते, सही नाही.

त्यासाठी चौकट उघडावी लागेल. काचेतून तपासलेलं चित्र म्हणजे न तपासलेलं चित्र. उघडण्यापूर्वी मागच्या बाजूचे फोटो काढून ठेवा: पूर्ण पाठ, लेबल जवळून, खिळे, तार, पेन्सिलने लिहिलेला एखादा आकडा, सगळं. मग मऊ कापडावर चौकट पालथी ठेवा, तपकिरी कागद कडेकडेने पात्याने कापा आणि लेबलासकट जपून ठेवा. खिळे पकडीने सरळ ओढून काढा. कागद काचेला चिकटलेला दिसला तर तिथेच थांबा. ओढलात तर छपाईचा थर काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. चित्र पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेलं असेल तर तेही सोडवायला जाऊ नका, ओळख पटवायला त्याची गरज नसते.

आता माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला पुठ्ठा, उचला. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे डोंगरदरीचं एक चित्र आलं होतं. मालकांनी दोन वर्षं त्याची सही वाचायचा प्रयत्न केला होता, अक्षरांच्या किती जुळण्या करून पाहिल्या होत्या त्याची वहीच होती त्यांच्याकडे. माउंट उचलला तर खाली दोन बोटं रुंद पांढरी कड, आणि तिच्यावर बारीक टायपात चित्राचं नाव, चित्रकाराचं पूर्ण नाव, प्रकाशक आणि क्रमांक. चौकट करणाऱ्याने माउंटची खिडकी चित्राच्या कडेशी नीट जुळवली होती, एवढंच घडलं होतं. जुन्या चौकटींत असं फार वेळा होतं. कधी कड मागे दुमडलेली असते, कधी कापूनच टाकलेली असते. कापलेली असेल तर चित्राच्या चारही बाजू नीट पाहा. हाताने मारलेला काप एखाद्या बाजूला वाकडा जातो आणि खालच्या ओळीतल्या अक्षरांची डोकी तेवढी उरलेली सापडतात.

यानंतर भिंग. दहापटीचं पुरतं, तीसपटीचं असेल तर उत्तम. भिंग आधी आकाशावर ठेवा. झाडापानांच्या गर्दीत छपाईची पद्धत लपते, आकाशाच्या सपाट रंगात ती उघडी पडते. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे ठिपके दिसले आणि ते मिळून बारीक फुलांसारखी वर्तुळं करत असतील, तर ती हाफटोनच्या, म्हणजे छटा ठिपक्यांत फोडणाऱ्या, जाळीतून झालेली चाररंगी छपाई आहे, बहुधा ऑफसेट (पत्र्यावरची शाई रबरी रुळावर घेऊन कागदावर उतरवणारी). ती फुलं मुद्दाम काढलेली नसतात. चार रंगांच्या जाळ्या एकमेकींवर सरळ बसवल्या तर डोळ्यांना खुपणारे पट्टे उमटतात, म्हणून काळा साधारण ४५ अंशांत, निळा १५, किरमिजी ७५ आणि पिवळा ९० अंशांत फिरवतात. त्या फिरवण्यातून ही फुलं तयार होतात. हाफटोनची व्यावसायिक छपाई १८८० च्या दशकात सुरू झाली, ऑफसेट यंत्रं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. म्हणजे अशी फुलं दिसली की चित्र कितीही जुनाट, पिवळट वाटलं तरी त्याच्या वयाची एक सीमा ठरली.

त्याहून महत्त्वाचा अर्थ असा की, तुमच्या हातात कुणीतरी रंगवलेल्या चित्राच्या फोटोची छपाई आहे. मूळ चित्र, बहुधा तैलरंगातलं, वेगळीकडे आहे किंवा होतं. चित्रकाराने हा कागद कधी पाहिलाही नसेल. इथून पुढे तुमचा धागा चित्रकार नसून प्रकाशक आहे. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते.

ठिपक्यांऐवजी दुसरं काही दिसलं तर वाट बदलते. मेणखडू खरखरीत कागदावर ओढल्यासारखी, नियम नसलेली दाणेदार छटा असेल तर शिळाछाप, म्हणजे दगडावरून झालेली छपाई. आलॉइस झेनेफेल्डरने ती १७९० च्या दशकाच्या अखेरीस शोधली. रंगीत शिळाछापेत प्रत्येक रंगाचा वेगळा दगड असतो, त्यामुळे काठाला रंग थोडे सरकलेले दिसतात आणि भिंगाखाली चारापेक्षा कितीतरी जास्त शाया मोजता येतात. गुलाबी, राखाडी, तांबूस अशा स्वतंत्र शाया दिसल्या की समजा. जाळी अजिबात नाही, पण सुरकुतलेल्या सायीसारखी बारीक नागमोडी नक्षी आहे, तर ते कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून झालेली छपाई. म्युनिकचं हान्फश्टेंग्ल आणि १९०८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली मेडिची सोसायटी यांच्यासारख्या प्रकाशकांनी चांगल्या चित्रांच्या प्रती या पद्धतीने काढल्या, आणि त्या काचेआड इतक्या सुरेख दिसतात की भलेभले फसतात. चित्राभोवती कागदात दाबलेली चौकोनी खूण असेल आणि रेघांची शाई बोटाला किंचित उंच लागत असेल, तर ते धातूच्या पत्र्यावरून घेतलेलं चित्र आहे. मात्र ती दाबखूण नंतर खोटीही उठवतात, म्हणून खुणेवर विसंबू नका, शाई पाहा. आणि जाळीही नाही, दाणाही नाही, नुसता फवारल्यासारखा सूक्ष्म रंगकण असेल तर ते इंकजेट. ‘जिक्ले’ हे भारदस्त नाव त्याला १९९१ मध्ये मिळालं. कॅनव्हासचा पोत आणि वर ब्रशचे फटकारे दिसताहेत म्हणून मूळ चित्र समजू नका. छापील कागदाला कॅनव्हासचा पोत दाबून, वर पारदर्शक लेप ब्रशने ओढून विकण्याची पद्धत जुनी आहे. लेपाचे फटकारे झाडाच्या फांदीबरोबर वळत नाहीत, ते आपले आडवे-उभे जातात. तिरप्या उजेडात हे लगेच दिसतं.

आता सहीवरचा कागद काढा, पण अजून वाचू नका. तिच्यावरही भिंग ठेवा. आकाशातले ठिपके सहीतही असतील तर सही मूळ चित्रातली आहे आणि चित्राबरोबर छापली गेली आहे. ती चित्रकाराची आहे, या प्रतीवर केलेली नाही. खाली पांढऱ्या कडेवर पेन्सिलची सही असेल तर तिरप्या उजेडात पेन्सिल चकाकते, आणि टोकाच्या दाबाने कागदात बारीक खाच पडलेली असते. इथे माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काळात मी एका चित्राखालची पेन्सिलची सही पाहून ‘चित्रकाराने स्वतः सही केलेली प्रत’ अशी नोंद केली. काच काढलीच नव्हती. घेणाऱ्याने चौकट बदलायला दिली तेव्हा भिंगाखाली त्या पेन्सिलच्या रेघेत राखाडी ठिपक्यांची रांग निघाली. पेन्सिलची सहीसुद्धा छापलेली होती. नोंद दुरुस्त केली, त्या माणसाला पत्र लिहिलं, पण त्याने माझ्या शब्दावर चित्र घेतलं होतं हे मला अजून विसरता येत नाही. तेव्हापासून काचेआडच्या सहीबद्दल मी काही लिहून देत नाही.

पेन्सिलची खरी सही असूनही माणूस दुसरा असू शकतो. अमेरिकेत वॉलेस नटिंग (१८६१–१९४१) याच्या नावाने हाताने रंगवलेली फोटोची निसर्गदृश्यं घरोघरी गेली. त्यांच्यावरची सही बहुतेक वेळा त्याच्या कारखान्यात रंग भरणाऱ्या बायकांनी केलेली असते. नाव त्याचं, हात दुसऱ्याचा.

खालच्या कडेकडे वळू. चित्र धातूच्या पत्र्यावरून किंवा दगडावरून छापलेलं असेल तर डावीकडे, उजवीकडे आणि मधे बारीक अक्षरांत लॅटिन संक्षेप असतात, आणि त्यांच्यात तुमचं अर्धं उत्तर असतं. ‘पिंक्स’ किंवा ‘पिंक्सिट’ म्हणजे रंगवलं, ‘डेल’ म्हणजे रेखाटलं, ‘स्कल्प’ किंवा नुसतं ‘एस्सी’ म्हणजे कोरलं, ‘इम्प’ म्हणजे छापलं, ‘एक्स्क’ म्हणजे प्रकाशित केलं. मूळ चित्रकार बहुतेक वेळा डावीकडे आणि कोरणारा उजवीकडे. गोंधळ इथे होतो, कारण आपल्याला उजव्या कोपऱ्यातलं नाव चित्रकाराचं समजायची सवय असते. टर्नर या इंग्लिश निसर्गचित्रकाराने इंग्लंड आणि वेल्सच्या दृश्यांची जी मालिका केली, ती १८२७ ते १८३८ या काळात ९६ पत्र्यांत निघाली आणि ते पत्रे अनेक वेगवेगळ्या कोरणाऱ्यांनी केले. उजवीकडचं नाव धरून शोधत बसलात तर टर्नर तुमच्या हातातून निसटतो.

ब्रिटनमध्ये १७३५ च्या कायद्याने कोरलेल्या चित्रांना हक्क मिळाला, पण पत्र्यावर मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख घालण्याच्या अटीवर. ‘कायद्यानुसार प्रकाशित’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ, पुढे तारीख आणि पत्ता दिसला तर तो त्या कायद्याचा परिणाम. पण ती तारीख पत्र्याची आहे. त्याच पत्र्यावरून चाळीस वर्षांनी काढलेल्या प्रतीवरही तीच तारीख असते.

विसाव्या शतकातल्या प्रतीवर लॅटिन नसतं, त्याऐवजी देशाचं नाव, क्रमांक आणि वर्तुळातला सी, म्हणजे कॉपीराइटची खूण, असतो. यातलं प्रत्येक अक्षर कामाचं आहे. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव छापणं १८९१ पासून सक्तीचं झालं. ‘पश्चिम जर्मनी’ असं लिहिलं असेल तर प्रत १९४९ ते १९९० मधली. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ नंतरची आणि १९९२ पर्यंतची. फाटक्या लेबलावर अमेरिकेतल्या पत्त्याचा पाच आकडी पिनकोड असेल तर लेबल १९६३ किंवा नंतरचं, शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल-विभाग असेल तर साधारण १९४३ ते १९६३ मधलं. लेबल चौकट करणाऱ्याचं असू शकतं हे विसरू नका. चौकट चित्रापेक्षा पन्नास वर्षांनी लहान असणं ही रोजची गोष्ट आहे.

वर्तुळातला सी, वर्ष आणि कंपनीचं नाव अशी ओळ असेल तर तुमचं नशीब चांगलं. अमेरिकेत १ मार्च १९८९ पर्यंत ही ओळ घालण्याला कायद्याचं कारण होतं, त्यामुळे प्रकाशक ती सहसा चुकवत नसत. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने नोंदलेल्या कामांच्या याद्या १८९१ ते १९७७ या काळात वर्षावर्षाने छापल्या, आणि त्या आता घरबसल्या पाहता येतात. कंपनीचं नाव आणि वर्ष हाताशी असेल तर त्या वर्षीच्या कलाकृती आणि छापील चित्रांच्या विभागात कंपनीच्या नावाखाली शोधा. कंटाळवाणं काम आहे. पण तिथे अनेकदा चित्राच्या नावापुढे चित्रकाराचं नाव आणि दृश्याचं एका ओळीत वर्णन मिळतं. ‘पूल, नदी, शरदातली झाडं’ अशी एक ओळ यादीत सापडते तेव्हाचा आनंद ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल.

दुसरा खजिना प्रकाशकांच्या विक्रीसूचींचा. न्यू यॉर्क ग्राफिक सोसायटीसारख्या प्रकाशकांनी चित्रांच्या छोट्या छायाचित्रांसह जाड सूची काढल्या, त्यात चित्रकार, नाव, प्रतीचा आकार आणि क्रमांक असतो. युनेस्कोनेही विसाव्या शतकाच्या मध्यापासून बाजारात मिळणाऱ्या चांगल्या रंगीत प्रतींच्या सूची काढल्या, १८६० पूर्वीच्या चित्रांची वेगळी आणि नंतरच्या चित्रांची वेगळी. म्हणून तुमच्या प्रतीचा आकार मिलिमीटरमध्ये मोजून ठेवा, कडेशिवाय नुसत्या चित्राचा. एकाच नावाची चार चित्रं सूचीत असतात तेव्हा आकारच निवाडा करतो.

काही प्रकाशक चित्रकाराचं नाव घालतच नसत. न्यू यॉर्कच्या करियर अँड आइव्ह्ज या छापखान्याने सात हजारांहून अधिक शिळाछाप चित्रं काढली. त्यांतली कितीतरी उत्तम निसर्गदृश्यं फॅनी पामर (१८१२–१८७६) या बाईंनी रेखाटली, आणि बऱ्याच कागदांवर छापखान्याचं नाव आहे, त्यांचं नाही. तिथे सही शोधून उपयोग नाही, अभ्यासकांनी तयार केलेली त्या छापखान्याची यादीच पाहावी लागते. पामरबाईंच्या हाताला त्यांचं श्रेय मिळालं ते अशाच नोंदी जुळवणाऱ्यांमुळे, म्हणून मला हे काम नुसती हौस वाटत नाही.

आता सही. ती वाचण्याची माझी रीत अशी: फोटो मोठा करून कागदावर छापून घ्यायचा आणि अक्षरं न वाचता फक्त फटकारे गिरवायचे. ब्रश कुठे टेकला, कुठे उचलला, कुठून वळला. ब्रशने केलेल्या सहीत ओघ महत्त्वाचा असतो, आकार नंतर. तुमचा ‘एच की के’ हा प्रश्न इथे सुटू शकतो: एचची आडवी रेघ डाव्या उभ्या दांडीपासून उजव्या दांडीपर्यंत पोहोचते, केचा तिरका फटकारा मधेच टेकून परत फिरतो. मग ज्या अक्षराची खात्री आहे, समजा टी, त्याच्या दांडीचा कल आणि जाडी इतर अक्षरांशी ताडून पाहा. चित्रकार जर्मन भाषक असण्याची शक्यता असेल तर जुनं जर्मन हस्ताक्षर ध्यानात ठेवा. त्यात छोटा ई आपल्याला एनसारखा दिसतो, आणि एवढ्या एका गोष्टीने नाव पार बदलतं. आडनावानंतर आर.ए. किंवा ए.आर.ए. अशी अक्षरं असतील तर ती नावाचा भाग नाहीत, लंडनच्या रॉयल अकादमीचं सदस्यत्व आहे, आणि सदस्यांच्या याद्या उपलब्ध आहेत. सहीखालचं वर्ष मूळ चित्राचं, प्रतीचं नाही.

सही अक्षरांचीच असते असंही नाही. व्हिसलर हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन चित्रकार सहीऐवजी फुलपाखरू काढायचा. चौकोनात गुंफलेली दोन अक्षरं, एखादं पान, पक्षी असं काही असेल तर चिन्हांच्या सूचींत शोधा. मागच्या बाजूला शाईचा छोटा शिक्का दिसला तर तो चित्रकाराचा नसून बहुधा संग्राहकाचा असतो. फ्रिट्स लुग्ट या डच संग्राहकाने अशा शिक्क्यांचा कोश १९२१ मध्ये काढला, १९५६ मध्ये त्याला पुरवणी जोडली, आणि आता तो पॅरिसच्या फाँदासियाँ कुस्तोदिया या कलासंस्थेने सर्वांना पाहण्यासाठी खुला ठेवलाय.

दोन-तीन संभाव्य वाचनं तयार झाली की चित्रकारांच्या कोशांकडे जा. थीमे-बेकर या जर्मन कोशाचे ३७ खंड (१९०७–१९५०), बेनेझी हा फ्रेंच कोश, गेटी संस्थेची कलाकारांच्या नावांची यादी, हेगच्या आरकेडी या कला-इतिहास संस्थेची माहिती. तिथे पूर्ण नाव टाकण्याऐवजी नावाचे तुकडे टाकून पाहा, आणि दोन्ही अक्षरांखाली शोधा.

पण नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असं नाही. सजावटीच्या निसर्गचित्रांच्या धंद्यात टोपणनावं सर्रास चालत. रॉबर्ट वुड (१८८९–१९७९) हा विसाव्या शतकातला अमेरिकेतला फार खपाचा निसर्गचित्रकार. नदी, डोंगर, शरदातली झाडं हेच त्याचे विषय. त्याने सुरुवातीच्या काही चित्रांवर ‘जी. डे’ अशी आणि काहींवर ‘ट्रेबोर’ अशी सही केली. ट्रेबोर म्हणजे रॉबर्ट उलटा. आर. अ‍ॅटकिन्सन फॉक्स (१८६०–१९३५) याची दिनदर्शिकांवरची चित्रं तर अनेक वेगवेगळ्या नावांनी निघाली. म्हणून कोशात नाव मिळालं नाही की लगेच ‘अज्ञात चित्रकार’ म्हणून थांबू नका. हे नाव टोपणनाव म्हणून कुठे नोंदलंय का, तेही पाहा.

फोटोवरून शोधण्याबद्दल. तुम्ही बहुधा चौकटीसकट, काचेतून फोटो काढला असणार. साधन मग चौकट शोधतं, काचेतली खिडकी शोधते. काच काढून, ढगाळ उजेडात, कॅमेरा चित्राला समांतर धरून फोटो घ्या आणि कड कापून टाका. त्यानंतर पूर्ण चित्राऐवजी तुकडे शोधा: नुसता पूल, नुसती डोंगरांची रांग. प्रकाशक मूळ चित्राच्या कडा कापून चौकटीच्या मापात बसवतात, त्यामुळे पूर्ण चित्र जुळत नाही, तुकडा जुळतो. रंग जुन्या प्रतीत उडतात, आधी किरमिजी आणि पिवळा, आणि सगळं निळसर होतं, म्हणून एकदा कृष्णधवल करूनही शोधा. आणि चित्र आरशातल्यासारखं उलटं करून नक्की शोधा.

हे उलटं करणं फार जण विसरतात. पत्र्यावर सरळ रेखाटलं की कागदावर उलटं उमटतं. व्हिसलरने व्हेनिसची दृश्यं थेट पत्र्यावर काढली, म्हणून त्याच्या छापांत व्हेनिस उजवी-डावी बदललेली दिसते. फोटोवरून होणाऱ्या छपाईतही फिल्म पालथी लागली की हेच होतं. माझ्याकडे एका सरोवराचं चित्र होतं, काठावर उंच मनोरा. डोंगरांची रांग कुठल्याच सरोवरामागे बसेना. शेवटी आरसा शेजारी उभा करून पाहिलं आणि पाच मिनिटांत जागा ओळखू आली, जागेवरून त्या जागेची चित्रं काढणारे चार चित्रकार, आणि चारांतून एक.

जागेवरून माग काढणं मात्र सगळ्या चित्रांना लागू पडत नाही. स्थळाची नोंद म्हणून काढलेल्या चित्रांत, म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या प्रवासचित्रांत, डोंगर खरे असतात. दिवाणखान्यासाठी काढलेल्या विसाव्या शतकातल्या चित्रांत पूल एका गावचा, डोंगर दुसऱ्या मुलखातला आणि झाडं चित्रशाळेतली असतात. तुमचं चित्र दुसऱ्या प्रकारचं वाटतंय. डोंगर ओळखण्यात फार दिवस घालवू नका.

कडेला जपानी अक्षरं किंवा लाल शिक्के असतील तर वरचं बरंचसं बाजूला ठेवा, तो वेगळा शोध आहे. तिथे कडेवरचा प्रकाशकाचा शिक्का प्रतीचं वय सांगतो. हिरोशी योशिदाच्या (१८७६–१९५०) चित्रांच्या डाव्या कडेवर ‘जिझुरी’ हा शिक्का असेल तर ती प्रत त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली छापलेली. आणि एकाच चित्रकाराची अनेक नावं ही तिथली रीतच. होकुसाई या जपानी चित्रकाराने आयुष्यात तीसहून अधिक नावं घेतली.

कागदाबद्दल थोडकंच. उजेडासमोर धरून वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, पाहा. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजाळा देणारं रसायन आहे, आणि ते कागदात १९५० च्या आसपास यायला लागलं. चमकला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. मागे हार्डबोर्ड असेल तर पाठ १९२४ नंतरची.

शेवटी किती खात्रीने काय म्हणायचं. माझा नियम आहे की एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन पुरावे लागतात: सहीचं वाचन आणि प्रकाशकाची सूची, किंवा कॉपीराइटची नोंद आणि मूळ चित्राचा फोटो. विक्रीच्या दहा जाहिरातींत एकच नाव दिसलं तर ते दहा पुरावे नाहीत. पहिल्याने अंदाज केला आणि नऊ जणांनी उतरवून घेतला. दोन पुरावे जुळले तर ‘अमुकच्या चित्रावरून ऑफसेट प्रत’ असं लिहा. एकच असेल तर ‘अमुकचं असावं’. नुसतं साम्य असेल तर ‘अमुकच्या धाटणीचं’. काहीच नसेल तर ‘चित्रकार अज्ञात’ आणि पुढे प्रकाशक, क्रमांक, माप, सहीचं रेखाटन. अशी नोंद वाया जात नाही. दुसऱ्या कुणाकडे याच चित्राची कड न कापलेली प्रत असेल, तर त्याला तुमच्या नोंदीवरून जुळवता येईल.

तुम्ही एवढं करा: आकाशाचा भिंगातून फोटो, सहीचा भिंगातून फोटो, माउंटखालच्या चारही कडा, चित्राचं माप आणि लेबलाचा तिरप्या उजेडातला फोटो पाठवा. फाटलेल्या लेबलाचा उरलेला भाग पाण्याने भिजवून सोडवू नका. त्याच्या मागे काही लिहिलेलं असेल तर बॅटरी मागून धरल्यावर दिसेल, आणि भिजवल्यावर कदाचित कधीच दिसणार नाही.